भांगलणीचे ऊन, चुलीचा धूर आणि साठीनंतरची नजर

ताकारी आणि टेंभू योजनांचे पाणी आले आणि कडेगाव तालुक्याचे शिवार पालटले. कुसळांच्या माळावर ऊस दिसू लागला, आल्याचे गादीवाफे पडू लागले. पाण्याबरोबर कामही बारमाही झाले. लागण, भांगलण, पाला काढणे, सगळे उघड्यावर आणि बहुतेक बायकांच्या अंगावर. वर्षानुवर्षे उन्हात राबणाऱ्या या माणसांच्या डोळ्यांचे म्हातारपणी काय होते, याची चर्चा मात्र उसाच्या दराइतकी होत नाही.

डोळ्यातले भिंग ही शरीरातली अजब चीज आहे. कातडी झिजते, नवी येते. भिंगाच्या गाभ्यातल्या पेशी मात्र आईच्या पोटात असताना तयार झालेल्या असतात आणि त्याच मरेपर्यंत पुरवाव्या लागतात. त्यांच्यातली प्रथिने बदलून मिळत नाहीत. ऊन, धूर, तंबाखू, रक्तातली साखर यांनी झालेली इजा साठत जाते, प्रथिनांच्या गुठळ्या होतात आणि भिंग गढूळ होते. हाच मोतीबिंदू. २०१५ ते २०१९ या काळात झालेल्या राष्ट्रीय पाहणीत पन्नाशीपुढच्या सुमारे २ टक्के भारतीयांना अंधत्व आढळले; त्यातल्या ६६ टक्के अंधत्वाला मोतीबिंदू कारणीभूत होता.

उन्हाचा आणि मोतीबिंदूचा संबंध मोजला गेला तो अमेरिकेत. मेरिलँडच्या चेसापीक उपसागरात खेकडे-कालवे धरणारे ८३८ कोळी संशोधकांनी निवडले. कोण किती वर्षे पाण्यावर होता, टोपी घालायचा का, चष्मा लावायचा का, हे विचारून प्रत्येकाच्या डोळ्यांत आयुष्यभरात किती अतिनील किरण गेले असतील याचा हिशेब केला. १९८८ मध्ये निष्कर्ष छापून आले. अतिनील किरणांची मात्रा दुप्पट झाली, की भिंगाच्या बाहेरच्या थरातल्या मोतीबिंदूचा धोका १.६ पट होत होता.

या अभ्यासातून निघणारा उपाय स्वस्त आहे. रुंद काठाची टोपी डोळ्यांत जाणारे ऊन बरेच कमी करते. आपली गांधी टोपी या बाबतीत निरुपयोगी, कारण तिला काठच नाही. कपाळावरून पुढे ओढलेला पदर किंवा टॉवेल तिच्यापेक्षा कितीतरी बरा. गॉगल घ्यायचा तर अतिनील किरण अडवणारा घ्यावा. काच नुसती काळी असून भागत नाही. तिच्याआड बाहुली मोठी होते आणि किरणांना वाट रुंद मिळते.

बाईमाणसाला दुसरा मार घरात बसतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीची आकडेवारी तपासून १९९९ मध्ये संशोधकांनी दाखवले, की लाकूड-गोवऱ्यांवर स्वयंपाक होणाऱ्या घरांत दृष्टी अधू असण्याचे प्रमाण जास्त आहे. आता गॅस आला असला, तरी अनेक घरांत अंघोळीचे पाणी अजून चुलीवरच तापते. ती चूल अंगणात नेली किंवा तिला धुराडे बसवले, तरी फरक पडतो.

आणि मिशरी. तिच्याबद्दल कुणी बोलत नाही, कारण ती ‘दात घासायला’ असते. पण ती भाजलेली तंबाखूच. चेन्नईजवळच्या खेड्यांतल्या पाहणीत धूर न होणाऱ्या तंबाखूचाही मोतीबिंदूशी संबंध दिसला. विडी-सिगारेटचे तर विचारूच नका. डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग उतारवयात झिजतो, समोरच्याचा चेहराच पुसट होतो; या आजाराचा धोका ओढणाऱ्यांना दोन ते चार पट असतो.

आहाराबद्दल मात्र दावे फार आणि पुरावे थोडे. गाजराने रातांधळेपणा टळतो तो जीवनसत्त्व ‘अ’ची कमतरता असली तर, म्हातारपणची नजर त्याने तेज होत नाही. पडद्याच्या मध्यभागी ल्युटीन आणि झियाझँथिन ही पिवळी रंगद्रव्ये असतात. ती पालेभाजीत, पिवळ्या मक्यात आणि अंड्याच्या बलकात मिळतात, आणि तेलाबरोबर अंगी लागतात. तेव्हा शेंगदाण्याचे कूट घातलेली मेथी हा उत्तम बेत. अमेरिकेतल्या एका मोठ्या चाचणीत ठरावीक जीवनसत्त्वे आणि जस्ताच्या गोळ्यांनी पडद्याची झीज बळावण्याचा धोका सुमारे २५ टक्के घटला, पण तो ज्यांचा आजार मध्यम टप्प्यावर पोहोचला होता त्यांचा. निरोगी माणसाने औषध दुकानातून ‘डोळ्यांचे टॉनिक’ आणण्यात अर्थ नाही. मोबाइलने डोळे कोरडे पडतात, थकतात. पडदा जळतो ही अफवा.

इथवर सवयींचे झाले. पण मोतीबिंदू सवयींनी लांबतो, टळतोच असे नाही, आणि लांबला नाही तरी शस्त्रक्रियेने नजर परत येते. तो ‘पिकेपर्यंत’ थांबण्याचे दिवसही गेले. उलट फार पिकलेला मोतीबिंदू काढणे अवघड जाते. खरी भीती आहे ती गेलेली नजर परत न देणाऱ्या दोन दुखण्यांची. काचबिंदू कडेकडेची नजर हळूहळू खातो, दुखत नाही. दक्षिण भारतातल्या खेड्यांत झालेल्या पाहण्यांत काचबिंदूच्या दहांपैकी नऊहून अधिक रुग्णांना आपल्याला तो आहे हे ठाऊकच नव्हते. आई-वडील किंवा भावंडांत कुणाला असेल, तर धोका वाढतो. डोळे लाल झाले म्हणून दुकानातून आणलेले स्टिरॉइडचे थेंब महिनोन्‌महिने घातले, तर त्यानेही काचबिंदू होतो. दुसरे दुखणे मधुमेहाचे. पडद्यावरच्या बारीक रक्तवाहिन्या पाझरू लागतात, तरी पुष्कळ काळ दिसायला सगळे ठीक असते. साखर आणि रक्तदाब आवाक्यात ठेवणे हा त्यावरचा सर्वांत भक्कम, सिद्ध झालेला उपाय.

म्हणून चाळिशीनंतर चष्म्याचा नंबर काढून भागत नाही. डोळ्याचा दाब आणि पडदा तपासायला हवा. मधुमेह असेल तर दरवर्षी. कडेगावकरांना त्यासाठी कऱ्हाड, सांगली, मिरज ही ठिकाणे पल्ल्यातली आहेत. पडदा पाहण्यासाठी बाहुली मोठी करणारे थेंब घालतात आणि पुढचे काही तास उजेड खुपतो, जवळचे धूसर दिसते. त्या दिवशी मोटारसायकल चालवायला सोबत कुणीतरी न्यावे, आणि घरात म्हातारी आई असेल तर त्याच फेरीत तिचेही डोळे दाखवून घ्यावेत.