पेशींना वाट कोण दाखवतं?

मागच्या भागात आपण रक्तातल्या पांढऱ्या पेशींची ओळख करून घेतली. आजचा प्रश्न पुढचा आहे: या पेशींना कुठे जायचं, हे कळतं कसं?

पानशेतच्या खोऱ्यात धरणाचं पाणी आंबी नदीतून खाली खडकवासल्याकडे जातं. पहिल्या पावसात चढणीचे मासे मात्र उलटे, ओढ्यांनी वर निघतात. पेशींचंही काहीसं असंच आहे. एखाद्या ऊतीतून केमोकाइन नावाची छोटी प्रथिनं पाझरतात. उगमापाशी ती दाट असतात, लांब विरळ. पेशी विरळ बाजूकडून दाट बाजूकडे सरकते. माशाला प्रवाह जाणवतो, पेशीला रेणूंचा हा कमीजास्तपणा. तो टिपणारं, पेशीच्या पटलातून सात वेळा आरपार गेलेलं प्रथिन म्हणजे केमोकाइन रिसेप्टर. माणसात असे रिसेप्टर साधारण वीस आहेत.

त्यातले दोनच आज नीट पाहू.

पहिला, सीएक्ससीआर-४. १९९८ मध्ये या रिसेप्टरचं जनुक काढून टाकलेल्या उंदरांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. पिल्लं गर्भातच किंवा जन्मताच दगावली. लहान मेंदूची घडण बिघडलेली, हृदयाच्या पडद्यात भोक, आणि रक्तपेशी तयार करणाऱ्या पेशी अस्थिमज्जेत रुजलेल्याच नाहीत! म्हणजे हा रिसेप्टर फक्त रोगाशी लढण्यापुरता नाही. शरीर घडवतानाही तोच वाट दाखवतो. मोठेपणी तो मूळ पेशींना अस्थिमज्जेत धरून ठेवतो. प्लेरिक्साफॉर हे औषध ती पकड सोडवतं; पेशी रक्तात उतरतात आणि प्रत्यारोपणासाठी गोळा करता येतात. पण स्तनाच्या कर्करोगाच्या पेशीही हाच रिसेप्टर वापरून हाडांत, फुप्फुसांत पोचू शकतात. वाट तीच, वाटसरू वेगळा.

दुसरा, सीसीआर-५. १९९६ मध्ये कळलं की एचआयव्हीला पेशीत शिरायला सीडी-४ पुरत नाही, सोबत सीसीआर-५ किंवा सीएक्ससीआर-४ लागतो. आपल्याकडे पुण्यात भोसरीला १९९२ मध्ये राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था या नावाने एक संस्था सुरू झाली. भारतात प्रामुख्याने आढळणारा 'सी' उपप्रकार बहुतेकदा सीसीआर-५ वापरतो. उत्तर युरोपातल्या काही लोकांत या जनुकाच्या दोन्ही प्रती तुटक्या असतात आणि त्यांना हा संसर्ग सहसा होत नाही. भारतात हा बदल फार दुर्मीळ. २००७ मध्ये सीसीआर-५ अडवणारं मॅराव्हिरॉक हे औषध आलं. विषाणू सीएक्ससीआर-४ वापरत असेल तर मात्र ते निरुपयोगी, म्हणून आधी तपासणी करावी लागते.

मग कोणी विचारेल, सीसीआर-५ नकोच असेल तर जन्माआधीच काढून का टाकू नये? २०१८ मध्ये चीनमध्ये गर्भावर असा प्रयोग झाला आणि जगभरातून त्याच्यावर टीका झाली. सीसीआर-५ नसलेली माणसं एरवी निरोगी दिसतात, पण वेस्ट नाईल विषाणूचा संसर्ग झाला तर त्यांना त्याचा त्रास जास्त होऊ शकतो. औषध थांबवता येतं; काढलेलं जनुक त्या मुलाला परत देता येत नाही. एखादी वाट बंद करण्याआधी तिच्यावरून आणखी कोण ये-जा करतं, हे आपल्याला पाहावंच लागतं.