नवा पॉइंट काढताना तिसरी तार विसरू नका



गळीत हंगाम उरकला की आपल्याकडे घराची कामे निघतात. उसाचे बिल हाती आलेले असते, पाऊस अजून लांब असतो. कोणी पडवीला फरशी बसवतो, कोणी स्वयंपाकघरात ओटा बांधून घेतो, कोणी फ्रीज किंवा कपडे धुण्याचे मशीन आणतो. मशीन टेम्पोतून उतरले की घरात पहिला प्रश्न निघतो, "ह्याचा प्लग लावायचा कुठं?"

प्रश्न साधा वाटतो, पण त्याचे उत्तर देताना आपण जी काटकसर करतो ती जिवावर बेतू शकते. म्हणून या अंकात ऊस बाजूला ठेवून घरातल्या प्लगाविषयी चार गोष्टी सांगत आहोत.

महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ १९६० साली स्थापन झाले आणि त्यानंतरच्या वर्षांत आपल्या गावांतून वीज आली. त्या वेळी घराची गरज ती केवढी? माजघरात एक दिवा, सोप्यात एक दिवा, आणि रेडिओसाठी देवळीजवळ एक प्लग. लाकडी पट्टीवरून दोन तारा फिरवल्या की काम झाले. आज मंडळाच्या जागी २००५ पासून महावितरण आहे आणि त्याच घरात मिक्सर, फ्रीज, गिझर, घरघंटी आणि माणशी एक मोबाइल आहे. पुष्कळ घरांत तारा मात्र जुन्याच आहेत.

आता आमच्याच घरची गोष्ट सांगतो. काही वर्षांपूर्वी उसाच्या बिलातून आम्ही घरघंटी घेतली. ठेवायची पडवीत, पण पडवीत प्लग नव्हता. वायरमनला बोलावले. तो म्हणाला, "अण्णा, मेनपासून नवी लाइन ओढावी लागंल. फेज, न्यूट्रल आणि अर्थिंग, तीन तारा. अर्थिंगचा खड्डाही नवा घ्यावा लागंल." खर्च ऐकून आम्ही म्हणालो, "एवढं कशाला? माजघरातल्या बोर्डातनं दोन तारांत भागतंय का बघ." तो बिचारा कुरकुरला, पण ऐकले. माजघरातून दोन तारा काढून पडवीत तीन भोकांचा छानसा नवा प्लग बसवला. दिसायला कुठे काही कमी नव्हते.

श्रावणात झड लागली. पडवीची फरशी ओली होती. आमच्या वहिनी अनवाणी पायाने दळण घालायला गेल्या, घरघंटीच्या पत्र्याला हात लागला आणि किंचाळून मागे फेकल्या गेल्या. हात सुटला म्हणून वाचल्या. चिकटून राहिला असता तर आज हा लेख लिहिण्याचे धैर्य आम्हांला झाले नसते.

वायरमनने येऊन घरघंटी उघडली. आतली एक तार घासून उघडी पडली होती आणि पत्र्याला टेकत होती. मग त्याने प्लग उघडून दाखवला. वरच्या मोठ्या भोकामागचा स्क्रू रिकामा होता. तिथे तार आलेलीच नव्हती. तो एवढेच म्हणाला, "अण्णा, विहिरीवर मोटारीच्या स्टार्टरला अर्थिंग देताय, आणि घरातल्या माणसाला नको व्हय?" आम्ही काय बोलणार? दोष त्याचा नव्हता, आमच्या काटकसरीचा होता.

तिसरी तार काय करते?

बंधाऱ्याला सांडवा का ठेवतात हे आपणा शेतकऱ्यांना सांगायला नको. पाणी वाढले तर ते ठरल्या वाटेने जावे, बांध फोडून नव्हे. अर्थिंगची तार हा घरातल्या विजेचा सांडवा आहे. यंत्रात बिघाड होऊन वीज पत्र्यात उतरली, तर ती या तारेने जमिनीत जाते. जाणारा प्रवाह मोठा असेल तर फ्यूज उडतो आणि बिघाड आपोआप कळतो. ही तार नसेल तर पत्रा भरलेला राहतो आणि हात लावणारा माणूसच सांडवा होतो.

पण सांडवा मोकळा हवा. समजा, खड्डा कोरडा पडून अर्थिंगचा रोध २० ओहम झाला. घरातला दाब २३० व्होल्ट. हिशेबाने जमिनीत साडेअकरा अँपिअरच जातील. १६ अँपिअरचा फ्यूज तेवढ्याने उडत नाही आणि पत्रा भरलेलाच राहतो. फ्यूजमध्ये जाड तार पिळून घातली असेल तर बोलायलाच नको. म्हणून अर्थिंगच्या जोडीला मेनजवळ ३० मिलिअँपिअरचे आरसीसीबी बसवावे. गेलेली वीज परत आली की नाही याचा हिशेब ते ठेवते आणि थोडी जरी वाटेत गळाली तरी क्षणात लाइन तोडते. एमसीबी तारेला जपतो, आरसीसीबी माणसाला जपते. दोन्ही हवीत. आरसीसीबीवर चाचणीचे बटण असते. ते महिन्यातून एकदा दाबून पाहावे. लाइन तुटली म्हणजे ते जागे आहे.

भार पाहून तार

चारी जेवढी रुंद तेवढेच पाणी तिच्यात सोडतो. जास्त सोडले तर ती फुटते. तारेचेही तसेच, फक्त ती फुटत नाही, तापते. लहान प्लग ६ अँपिअरचा, म्हणजे साधारण १३८० वॅटपर्यंतचा. मोठा १६ अँपिअरचा, म्हणजे साधारण ३६८० वॅटपर्यंतचा. २००० वॅटचा गिझर पावणेनऊ अँपिअर ओढतो. तो लहान प्लगावर लावला तर प्लग काळा पडून वितळायला लागतो. तांब्याच्या तारेत दिव्यांना दीड, साध्या प्लगाला अडीच आणि मोठ्या प्लगाला चार चौरस मिलिमीटरची तार घालण्याची चांगली पद्धत आहे. गिझरसारख्या वस्तूला मेनपासून स्वतंत्र लाइन घ्यावी, दिव्याच्या बोर्डातून काढू नये. घरातला एकूण भार वाढत असेल तर महावितरणकडे अर्ज करून मंजूर भारही वाढवून घ्यावा.

प्लग कुठे काढावा?

जिथे वस्तू कायम राहणार तिथेच. दारावरून आणि चटईखालून फिरणारी एक्स्टेन्शनची वायर ही पाहुणी असावी, घरजावई नव्हे. स्वयंपाकघरात प्लग ओट्याच्या वर वीतभर, पण नळापासून आणि शेगडीपासून दूर असावा. गॅस सिलिंडरजवळ जमिनीलगत प्लग किंवा बटण नको. हा गॅस हवेपेक्षा जड असतो, गळाला तर खाली साचतो, आणि बटणाची ठिणगी त्याला पुरते. गिझरचे बटण न्हाणीघराच्या बाहेर घ्यावे. लहान मुले असतील तर आतून झडप असलेला प्लग बसवावा. त्या झडपेत काडी खुपसून दोन पिनांचा प्लग बसवण्याची खोड मात्र मोडली पाहिजे.

जुना प्लग हलवायचा असेल तर जुन्या ठिकाणच्या तारा टेप गुंडाळून भिंतीत गाडू नयेत. जोड हा नेहमी उघडता येईल अशा डबीत असावा. विटांच्या पक्क्या भिंतीत खाच पाडून पाइप टाकता येतो. मातीच्या जुन्या भिंतीला मात्र खाच पाडू नये, वरून पीव्हीसीची पट्टी मारावी. तार प्लगापासून सरळ वर किंवा सरळ आडवी न्यावी, तिरकी नको. म्हणजे उद्या फोटोसाठी खिळा मारताना कुठे मारू नये हे कळते.

हे काम स्वतः करू नये. परवानाधारक माणसाकडूनच करवून घ्यावे आणि त्या वेळी मेन बंद असल्याची आपण स्वतः खात्री करावी. पण काम करवून घेतानाही उभे राहून चार गोष्टी विचाराव्यात :

१. बटण फेजच्या तारेवर आहे ना? न्यूट्रलवर असेल तर बटण बंद करूनही यंत्रात वीज राहते.

२. समोरून पाहता मोठे भोक वर, फेज उजवीकडे, न्यूट्रल डावीकडे अशी जोडणी आहे ना?

३. हिरवी तार मेनजवळच्या अर्थिंगपर्यंत खरोखर पोचली आहे का? टेस्ट लॅम्प लावून दाखव. काही जण प्लगातच अर्थ आणि न्यूट्रल जोडून मोकळे होतात. ते फार घातक. मागे न्यूट्रल तुटली की यंत्राचा पत्रा थेट भरतो. नळाच्या पाइपला बांधलेले अर्थिंगही चालणार नाही. आता बहुतेक पाइप प्लॅस्टिकचे आहेत, त्यांतून वीज जमिनीत जात नाही.

४. अर्थिंगचा रोध मोजलास का? आकडा किती आला?

मोजण्याचे काम उन्हाळ्यातच करावे. जमीन कोरडी असते, खड्ड्याची खरी परीक्षा तेव्हाच होते. वैशाखात उतरलेले अर्थिंग आषाढात दगा देण्याची भीती कमी. मीठ-कोळशाचा खड्डा असेल तर कडक उन्हात त्यात अधूनमधून घागरभर पाणी ओतावे. रोपाला पाणी घालतो तसेच.

आमच्या घरी पुढे तीन तारांची नवी लाइन झाली, खड्डा झाला, आरसीसीबी बसले. आधी जो खर्च जड वाटला होता तो घरघंटीच्या किमतीपुढे काहीच नव्हता. वहिनी आजही दळण घालतात, पण पायात चप्पल असल्याशिवाय आणि हाताची पालथी बाजू आधी पत्र्याला लावल्याशिवाय नाही. आम्ही कितीदा सांगितले, "आता भीती नाही." त्यांचा हात काही अजून विश्वास ठेवत नाही.

सभासदांनी यंदा घरात नवी वस्तू आणताना तिच्या किमतीतच तिसऱ्या तारेचे पैसे धरावेत, एवढीच विनंती.