लेखांक सातवा : बॅटरीच्या जोडांतील नर आणि मादी

गेल्या लेखांकात आपण बॅटरीच्या अंतरंगाचा, म्हणजे शिशाच्या पट्ट्या आणि गंधकाम्ल यांच्या परस्परव्यवहाराचा विचार केला. आता त्या पेटीतील वीज ज्या द्वारांनी बाहेर पडते, त्या जोडांकडे वळणे क्रमप्राप्त आहे. मालवणच्या किनारपट्टीला या विषयाचे अगत्य विशेष आहे. दांडीपासून सर्जेकोटपर्यंत उभ्या असलेल्या नौकांवरील दिवे, वायरलेस आणि जीपीएस यांची मदार बॅटरीवर असते. आणि १६ मे २०२१ रोजी तौक्ते चक्रीवादळाने विजेचे खांब आडवे करून गावेच्या गावे कित्येक दिवस अंधारात ठेवली, तेव्हा घरात भरलेली एक बॅटरी असणे म्हणजे काय, हे येथील लोकांना वेगळे सांगावे लागले नाही.

जोडाचे लिंग ठरवण्याचा कायदा एकच आहे : धातू पाहावा, कवच पाहू नये. ज्याच्यात भरीव पिन उभी आहे तो नर आणि ती पिन ज्या पोकळ नळीत शिरते ती मादी. इतके सोपे असून माणसे चुकतात ती प्लॅस्टिकच्या आवरणामुळे. सौर पॅनेलच्या वायरींना असणारा एमसी-४ जोड पाहा. मल्टि-कॉन्टॅक्ट या कंपनीची आद्याक्षरे आणि पिनेचा ४ मिलिमीटर व्यास यांवरून त्याचे नाव पडले. त्याचा एक भाग गोल व पोकळ पेल्यासारखा असल्यामुळे मादी वाटतो; परंतु उजेडाकडे धरून आत डोकावले की मधोमध पिन दिसते, म्हणून तो नर. दुसऱ्या भागाला पुढे निघालेले तोंड आणि दोन्ही बाजूंस दबणारे पाकळीवजा आकडे असतात. तो नरासारखा दिसला तरी त्याच्या पोटात नळी असते, म्हणून ती मादी.

ही उलटापालट लहरीने झालेली नाही. सूर्य डोक्यावर असेतो पॅनेल वीज निर्माण करीतच राहते, त्याला बंद करण्याची कळ नाही. तेव्हा उघडी पिन कोणाच्या बोटाला लागू नये, एवढ्यासाठी ती खोल कवचात बसवण्याची तजवीज केलेली असते. याच विचारातून दुसरा दंडक निघाला आहे : ज्या बाजूला वीज आहे, त्या बाजूला मादी असावी. घरातील बोर्डावर छिद्रे असतात आणि पिना इस्त्रीच्या वायरीला, ते याचमुळे. ड्रोनच्या एक्सटी-६० जोडातही मादी बॅटरीकडे ठेवण्याचा रिवाज आहे. १२ व्होल्टचा झटका बसत नाही, म्हणून कोणी बेफिकीर राहू नये. शिसे-आम्लाच्या बॅटरीची दोन टोके एखाद्या पान्याने जोडली गेली, तर शेकडो अँपिअरचा प्रवाह वाहून तो पाना क्षणात तापतो आणि हात भाजतो.

मात्र नर-मादी हा एक प्रश्न आणि धन-ऋण हा दुसरा. एकाच्या उत्तरावरून दुसऱ्याचे अनुमान कदापि करू नये. मोटारीच्या बॅटरीवरील दोन्ही खुंट्या नरच असतात. तेथे भेद जाडीचा. धन खुंटी नेहमी जाड : जपानी मापात धन १४.७ आणि ऋण १३ मिलिमीटर. त्यामुळे ऋण खुंटीचा क्लॅम्प धन खुंटीवर सहजी बसत नाही; तो ठोकून बसवू पाहणे म्हणजे बनवणाऱ्याने केलेला बंदोबस्त स्वहस्ते मोडणे होय. अँडरसन जातीच्या जोडात तर दोन्ही अर्धे एकसारखेच असतात. एक उलटा फिरवला की दुसऱ्यात बसतो. तेथे नर-मादी शोधण्याचे कारण नाही, धन-ऋणाची खातरजमा मात्र करावीच लागते.

खाऱ्या वाऱ्यात तांब्याच्या पिनेवर हिरवा गंज चढतो, मादीच्या नळीची पकड सैल होते आणि सैल जोड तापतो. म्हणून पावसाळ्यापूर्वी जोड उघडून धातू स्वच्छ पुसावा आणि खुंट्यांवर क्लॅम्प आवळून झाल्यावर वरून पेट्रोलियम जेलीचा हात फिरवावा. उघडण्यापूर्वी भार बंद करण्याची खबरदारी अवश्य घ्यावी. घरातील प्रत्यावर्ती प्रवाह सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येत असल्याने त्याची ठिणगी लवकर विझते, बॅटरीचा किंवा पॅनेलचा एकदिश प्रवाह शून्यावर येतच नाही, आणि त्याची ज्वाला जोड वितळेपर्यंत तेवू शकते.

धातू पाहून लिंग, खूण पाहून ध्रुव आणि भार बंद करून मगच हात, हा क्रम नौकेवरील खलाशाने आणि घरातील मुलामाणसांनीही अंगवळणी पाडावा. इतके करूनही दोन टोके एकमेकांस भिडलीच, तर वायर पेटण्यापूर्वी प्रवाह तोडणारा फ्यूज बॅटरीच्या अगदी निकट का असावा, याचा विचार पुढील लेखांकात करू.