कथेतील भाववृत्ती आणि सूर : कुमारवयीन विद्यार्थ्यांना शिकविताना

माध्यमिक आणि उच्च माध्यमिक वर्गांत कथा शिकविली जाते तेव्हा कथानक, पात्रे, भाषाशैली हे घटक बहुधा चोख समजावून दिले जातात. भाववृत्ती आणि सूर मात्र ‘कथा करुण आहे’ अशा एका वाक्यात आटोपतात. कवितेच्या तासाला जडलेली रसनिर्देशाची सवय यामागे असावी. वस्तुतः ही एकाच गोष्टीची दोन नावे नव्हेत. कथा वाचताना वाचकाभोवती जे भावनिक वातावरण निर्माण होते ती भाववृत्ती. निवेदक ज्या दृष्टीने पात्रांकडे आणि वाचकाकडे पाहत बोलतो, ती दृष्टी शब्दांतून जाणवते तो सूर. आय. ए. रिचर्ड्‌स यांनी १९२९ साली अर्थाचे चार प्रकार सांगताना विषयाविषयीची भावना आणि श्रोत्याविषयीची वृत्ती यांतही भेद केला होता. शालेय पातळीवर इतक्या बारकाव्याची गरज नाही. ‘मला काय वाटले?’ आणि ‘सांगणाऱ्याची वृत्ती काय आहे?’ हे दोन प्रश्न वेगळे आहेत, एवढे उमगले तरी पुरे.

हा भेद अण्णाभाऊ साठे (१९२०–१९६९) यांच्या ‘स्मशानातील सोनं’ या कथेत विशेष स्पष्टपणे दाखविता येतो. पोटासाठी मुंबईत आलेल्या भीमाचे खाणीतील काम सुटते. स्मशानातील राखेत त्याला सोने सापडते आणि तो प्रेते उकरू लागतो. अंधार, कोल्ह्यांशी झुंज, प्रेताच्या जबड्यात अडकलेली बोटे या सर्वांतून उभी राहणारी भाववृत्ती भयाची आहे, आणि विद्यार्थी ती अचूक ओळखतात. घोटाळा होतो तो पुढे. कथा भयंकर, म्हणून भीमाही भयंकर, असे समीकरण वर्गात सहज मांडले जाते. बोटे गेली ती त्याच्या कर्माची शिक्षा, असा निष्कर्षही निघतो.

या ठिकाणी शिक्षकाने निष्कर्ष खोडून काढण्याची घाई करू नये. विद्यार्थ्यांना मजकुराकडे परत न्यावे. निवेदकाने भीमाला कोठे दूषण दिले आहे काय, हे शोधावयास सांगावे. त्याहून महत्त्वाचा प्रश्न शेवटाविषयीचा आहे. भीमाची बोटे कापली जातात, आणि त्याच दिवशी खाण पुन्हा सुरू झाल्याचे कळते. लेखकाला केवळ शिक्षा दाखवावयाची असती तर या वार्तेचे प्रयोजनच उरले नसते. ती आल्यामुळे वाचकाची दृष्टी भीमाच्या अपराधावरून त्याच्या हिरावल्या गेलेल्या कामाकडे वळते. भय तसेच राहते. मात्र निवेदकाच्या सुरातील उपरोध भीमावर रोखलेला नाही, हे आता दिसू लागते.

सूर ऐकण्याची शक्ती या वयाच्या मुलांना नव्याने द्यावी लागत नाही. रात्री उशिरा घरी परतल्यावर आई दारातच ‘या, महाराज!’ म्हणते तेव्हा त्या शब्दांचा अर्थ कोणालाही समजावून सांगावा लागत नाही. कागदावर आवाज नसतो, एवढीच अडचण. त्यासाठी फळ्यावर एक साधे वाक्य लिहावे : ‘भीमाने राख चाळली.’ (वाक्य सरावापुरते रचलेले.) मग त्यात ‘निर्लज्जपणे’ घालावे, ते पुसून ‘बिचाऱ्या भीमाने’ असे करावे. घटना तीच, स्मशानही तेच. बदलतो तो सांगणारा. एका विशेषणाने आपला न्यायनिवाडा कसा होऊन जातो, हे व्याख्येपेक्षा या खाडाखोडीतून लवकर कळते.

मात्र ‘बिचारा’ हा शब्द ‘निर्लज्ज’पेक्षा निरुपद्रवी आहे, असा शिक्षकाचाच समज असतो. व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘माणदेशी माणसं’ (१९४९) या संग्रहातील ‘धर्मा रामोशी’ शिकविताना तो महाग पडतो. निवेदकाने धर्माला धोतर दिलेले असते. पुढे ते त्याची तरुण लेक नेसलेली दिसते. कथेचा निवेदक येथे गहिवर काढत नाही. जे दिसले ते सांगून थांबतो. दारिद्र्याइतकीच बापाची मायाही त्या धोतरात आहे, आणि निवेदकाच्या मौनामुळे धर्माचा आब राखला जातो. हाच शेवट शिक्षकाने कंठ दाटून वाचला, की कथेत नसलेली कीव वर्गात शिरते. थोरल्या भावंडाचा जुना सदरा घालून आलेला एखादा मुलगा त्याच वर्गात बसलेला असतो. आदराने सांगितलेली गोष्ट त्याला दयेची म्हणून ऐकू येते, आणि कदाचित तो मान खाली घालतो.

म्हणून अशा कथेचे प्रकट वाचन अगोदर सपाट आवाजात व्हावे, आणि शेवटच्या वाक्यानंतर शिक्षकाने काही काळ काहीच बोलू नये. पहिला शब्द विद्यार्थ्याचा असावा. तो चुकीचा असला तरी चालेल.