चालण्याचा अभ्यासक्रम

चालणें हा विषय महाविद्यालयांत शिकवितात, त्याची फी घेतात, परीक्षा घेतात आणि गुणहि देतात, असें सांगितलें तर आपल्याकडील बहुतेक घरांत प्रथम हंशा पिकेल. मूल वर्ष-सवा वर्षाचें झालें कीं भिंतीला धरून आपलें आपणच चालूं लागतें. त्याला प्राध्यापक कशाला हवा, आणि तोहि संगणकाच्या पडद्यावरचा कशाला, ही शंका रास्त आहे. ३८ वर्षें मीं शाळेंत मुलें शिकविलीं. विद्यार्थी डोळ्यांपुढें नाहीं, त्यानें काम केलें कीं नाहीं हें पाहावयास कोणी नाहीं, आणि तरी त्याला गुण द्यावयाचे, ही रीत माझ्यासारख्या जुन्या शिक्षकास एकदम पटण्यासारखी नव्हे. म्हणूनच या अभ्यासक्रमांत शिकविण्यासारखें खरोखर काय आहे, व शिक्षक समोर नसतां तें कितपत शिकवितां येतें, याचा विचार आज आपणांपुढें मांडावयाचा आहे.

अमेरिकेंत ‘कम्युनिटी कॉलेज’ नांवाचीं सार्वजनिक महाविद्यालयें आहेत. तेथें मुख्यतः दोन वर्षांचें शिक्षण मिळतें. या जातीचें पहिलें सार्वजनिक महाविद्यालय इलिनॉय राज्यांतील जोलिएट गांवीं १९०१ सालीं निघालें. आज एकट्या कॅलिफोर्नियांत तीं शंभराहून अधिक आहेत. वयाचें बंधन असें जवळजवळ नाहींच. १९ वर्षांचा विद्यार्थी आणि ७० वर्षांची आजी एकाच वर्गांत असूं शकतात. शारीरिक शिक्षणाच्या विषयांत ‘आरोग्यासाठीं चालणें’ हा एक लहानसा विषय तेथील पुष्कळ महाविद्यालयांत असतो, आणि तो घरीं बसून, म्हणजे खरें तर घराबाहेर चालून, ऑनलाईन पुरा करतां येतो. २०२० सालीं महामारीमुळें महाविद्यालयें बंद पडलीं तेव्हां व्यायामाचे इतरहि वर्ग अशाच रीतीनें चालवावे लागले. कॅलिफोर्नियांतील रहिवाशास या महाविद्यालयांत एका क्रेडिटमागें ४६ डॉलर फी पडते. एका क्रेडिटचा व्यायामाचा विषय म्हणजे सत्रभरांत सुमारें ५४ तासांचें काम. १८ आठवडे, आठवड्याला ३ तास. माझा नातू तेथें शिकतो. त्यानें गेल्या वर्षीं हा विषय घेतला होता, आणि सुटींत आला असतां त्यानें सारे धडे व नोंदवही मला दाखविली.

पहिल्या आठवड्यांत चालावयास सांगतच नाहींत, हें पाहून मला बरें वाटलें. प्रथम प्रकृतीविषयींची प्रश्नावली भरावयाची : छातींत दुखतें काय, चक्कर येते काय, कोणतीं औषधें चालू आहेत. मग सकाळीं अंथरुणांतून उठण्यापूर्वीं मनगटावर दोन बोटें ठेवून नाडीचे ठोके मोजावयाचे. त्यानंतर बूट. पायाच्या सर्वांत लांब बोटापुढें अंगठ्याच्या रुंदीइतकी जागा हवी, आणि बूट संध्याकाळीं विकत घ्यावेत, कारण दिवसभरांत पाय किंचित् सुजतो. नव्या बुटांनीं टाचा सोलून घेणारी मंडळी आपल्यांत थोडीं नाहींत. हा अर्ध्या पानाचा धडा त्यांच्या उपयोगीं पडेल.

या अभ्यासक्रमाचें खरें मर्म मला तिसऱ्या धड्यांत सांपडलें. चालतांना पुढें टाकलेला पाय जवळजवळ ताठ राहतो आणि त्याच्यावरून आपलें शरीर कमानीसारखें वर चढून पुढें उतरतें. घड्याळाचा लंबक उलटा धरावा, तशी ही गति आहे. चढतांना सांठलेल्या शक्तीचा बराच भाग उतरतांना परत मिळतो, आणि म्हणून साधा मनुष्यहि कोसच्या कोस चालूं शकतो. जर्मनींतील वेबर बंधूंनीं १८३६ सालींच चालण्याच्या यंत्रशास्त्रावर ग्रंथ लिहिला होता; विषय कांहीं कालपरवांचा नव्हे. पुढें मोजमाप झालें तेव्हां असें दिसून आलें कीं, ताशीं साडेचार ते पांच किलोमीटर या वेगानें चाललें असतां अंतराच्या मानानें सर्वांत कमी शक्ति खर्च होते, आणि शरीर कोणी न सांगतां नेमका हाच वेग पसंत करतें. ताशीं सात किलोमीटरांच्या आसपास गेलें कीं चालणें महाग पडूं लागतें व मनुष्य आपोआप धांवूं लागतो.

आतां यांतील गोम ध्यानांत घ्या. आपण रमतगमत चालतों तें शरीराच्या काटकसरीचें चालणें असतें. व्यायामासाठीं चालावयाचें म्हणजे ही काटकसर जाणूनबुजून मोडावयाची. ताशीं साडेपांच-सहा किलोमीटर, म्हणजे जेथें पाय स्वतःहून जाणार नाहींत तेथें त्यांना न्यावयाचें. मूल जें चालणें भिंतीला धरून शिकतें तें निराळें आणि हें निराळें. ‘चालायला काय शिकायचें’ या शंकेला माझ्या मतें एवढें उत्तर पुरेसें आहे.

वेग वाढवावयाचा म्हणून लांब लांब टांगा टाकूं नयेत, असें तेथें बजावून सांगतात. टांग फार पुढें पडली तर टांच जमिनीला अडते आणि प्रत्येक पावलाला आपणच आपली गति रोखतों. पावलें लहानच, पण भरभर पडावीं. टांच टेंकून भार पुढें चवड्यावर न्यावा व बोटांनीं जमीन मागें लोटावी. हात कोपरांत वांकवून मागेंपुढें हालवावे. हात भरभर हालूं लागले कीं पायांना त्यांच्याबरोबर यावेंच लागतें. मोबाईलमध्यें मान घालून चालणाऱ्यास यांतलें कांहींच साधत नाहीं, आणि आपल्या रस्त्यांवर तर तें जिवावर बेतेल.

पण वेग पुरेसा झाला हें ओळखावें कसें ? एक हिशेब नाडीचा आहे. २२० मधून वय वजा करावें. तो हृदयाच्या जास्तींत जास्त ठोक्यांचा ढोबळ अंदाज. माझ्या वयाचा, म्हणजे ६५ वर्षांचा मनुष्य घ्या. त्याचे १५५. विश्रांतींत त्याची नाडी ७० असेल तर मधलें अंतर ८५. या ८५ चे ४० टक्के म्हणजे ३४ आणि ६० टक्के म्हणजे ५१. ते ७० मध्यें मिळविले कीं १०४ ते १२१. चालतांना नाडी या दोन आंकड्यांच्या दरम्यान राहिली तर व्यायाम मध्यम प्रतीचा होतो. विश्रांतीची नाडी धरून हिशेब करण्याची ही रीत फिनलंडमधील कार्वोनेन यांच्या १९५७ सालच्या प्रयोगांवरून आली. तथापि २२० चें सूत्र व्यक्तिशः दहाबारा ठोक्यांनीं सहज चुकतें, आणि रक्तदाबावरील कांहीं गोळ्या तर नाडी मुद्दाम मंद ठेवतात; त्या घेणाऱ्यांनीं या आंकड्यांवर विसंबूं नये. त्यांच्यासाठीं आणि गणिताचा कंटाळा असणाऱ्यांसाठीं दुसरी खूण आहे. चालतां चालतां बोलतां यावें, पण गातां येऊं नये. मिनिटाला सुमारें १०० पावलें हेंहि एक बरें माप आहे. घड्याळ पाहून एक मिनिट मोजलें कीं झालें.

इतिहासाचा धडा मला सर्वांत आवडला. १९५३ सालीं जेरेमी मॉरिस या इंग्रज डॉक्टरांनीं लंडनच्या दुमजली बसगाड्यांवरील नोकरांचा अभ्यास ‘लान्सेट’ या वैद्यकीय पत्रांत छापला. ड्रायव्हर दिवसभर बसून, कंडक्टर दिवसभर जिना चढउतार करणारा. पगार, वस्ती, राहणी बव्हंशीं सारखी. तरी हृदयविकार ड्रायव्हरांत अधिक, आणि कंडक्टरांत तो झालाच तर उशिरां व सौम्य. यावर कोणी म्हणेल, मूळचाच धडधाकट मनुष्य कंडक्टर होत असेल. ही शंका मॉरिस यांनीं स्वतःच तपासली. नोकरांना मिळणाऱ्या गणवेशाच्या कमरेचीं मापें त्यांनीं मिळविलीं, आणि ड्रायव्हरांच्या कमरा आधींपासूनच रुंद असल्याचें १९५६ सालीं छापूनहि टाकलें. आपल्याच निष्कर्षाला बाधक होईल असा पुरावा आपणच शोधून काढणारा मनुष्य विरळा. पुढील अनेक अभ्यासांनीं मुख्य गोष्ट खरी ठरविली, हें निराळें.

याच्या उलट दहा हजार पावलांची कथा. हा आंकडा आज प्रत्येक मोबाईलमध्यें बसला आहे, पण तो कोणा वैद्यानें काढलेला नव्हे. टोकियो येथें १९६४ सालीं ऑलिंपिक सामने झाले आणि दुसऱ्याच वर्षीं एका जपानी कंपनीनें पावलें मोजण्याचें यंत्र विकावयास काढलें. त्याचें नांव ‘मान्पो-केई’, म्हणजे दहा हजार पावलें मोजणारें. आंकडा वाटोळा, कानाला गोड, म्हणून तो टिकला. अमेरिकेंत सोळा हजारांहून अधिक वृद्ध स्त्रियांची पाहणी २०१९ सालीं प्रसिद्ध झाली. तींत दिवसाला सुमारें ४,४०० पावलें चालणाऱ्यांचें मृत्यूचें प्रमाण २,७०० चालणाऱ्यांपेक्षां बरेंच कमी आढळलें, आणि सुमारें ७,५०० च्या पुढें अधिक लाभ दिसला नाहीं. तेव्हां दहा हजार भरले नाहींत म्हणून रात्रीं अकरा वाजतां दिवाणखान्यांत येरझारा घालणाऱ्या गृहस्थांनीं निश्चिंतपणें झोपावयास जावें.

‘दिवसभर मी पायांवरच असतें, मला निराळें चालणें कशाला ?’ असें घरांतील गृहिणी म्हणते. तिचें म्हणणें उडवून लावण्यासारखें नाहीं. व्यायाम एका वेळीं निदान दहा मिनिटें झाला तरच धरावा, ही जुनी अट जागतिक आरोग्य संघटनेनें २०२० सालीं काढून टाकली. थोडा थोडा मिळूनहि तो मोजला जातो. अट राहिली ती श्वास किंचित् वाढण्याची. ओट्यापासून दारापर्यंतच्या शंभर खेपांनीं पाय दुखतात खरे, पण श्वास क्वचितच वाढतो. संघटनेनें प्रौढांस सांगितलेलें माप आठवड्याला १५० ते ३०० मिनिटें मध्यम व्यायामाचें आहे, आणि त्याखेरीज दोन दिवस स्नायूंना बळ देणारा व्यायाम. वृद्धांस तोल सांभाळण्याचा व्यायामहि सांगितला आहे. नातवाच्या अभ्यासक्रमांत या शेवटच्या दोहोंना एकच पान दिलें आहे, हें मला अपुरें वाटलें. नुसत्या चालण्यानें हातांत बळ येत नाहीं व न्हाणीघरांत घसरलेला म्हातारा सांवरत नाहीं.

आपल्या शतपावलीला मात्र या धड्यांत नकळत दुजोरा मिळाला आहे. तिन्ही जेवणांनंतर १५ मिनिटें चालल्यास, ज्यांची रक्तांतील साखर बिघडण्याच्या मार्गावर आहे अशा वृद्धांत ती दिवसभर अधिक आटोक्यांत राहते, असें २०१३ सालच्या एका लहान प्रयोगांत दिसलें. आणि रात्रीच्या जेवणानंतरच्या चालण्याचा गुण विशेष दिसला. पायांचे स्नायू काम करूं लागले कीं ते रक्तांतली साखर ओढून घेतात, एवढीच त्यांतली किमया. शंभर पावलें मिनिटभरांत संपतात. तेव्हां नांव शतपावलीचें ठेवून पावलें दीड हजार टाकण्यास हरकत नसावी.

आतां प्रामाणिकपणाचा प्रश्न. विद्यार्थ्यानें मनगटावरील घड्याळाची नोंद दर आठवड्यास पाठवावयाची असते. तें घड्याळ कुत्र्याच्या गळ्यांत बांधून पावलें मिळविण्याची युक्ति मुलांना ठाऊक आहे. मला ती नातवानेंच सांगितली. पण शाळेंत शेजाऱ्याची गणितें उतरवून घेणारीं मुलें माझ्या नाकासमोर बसत असत, तेव्हां समोर असण्याचा डौल मी फारसा मिरविणार नाहीं. नोंदीबरोबर प्रत्येकानें चार ओळी लिहावयाच्या असतात : आज कोठें चाललों, नाडी किती झाली, काय दुखलें, कोणत्या दिवशीं टाळाटाळ केली. त्या ओळी खोट्या लिहिणें पावलें खोटीं दाखविण्याहून अवघड आहे. खरी उणीव दुसरी आहे. पाय वांकडा पडतो, खांदे वर उचलले जातात, हें चालणाऱ्याला स्वतः कळत नाहीं. तें बाजूला उभ्या असलेल्या शिक्षकानेंच पाहावें लागतें. विद्यार्थी आपलें चित्रण करून पाठवितो, पण सत्रांत दोनदांच. शिवाय सारे धडे सलग पदपथ गृहीत धरून लिहिलेले आहेत. आमच्या शहरांत पदपथावर गाड्या उभ्या असतात व गाड्यांच्या वाटेनें माणसें चालतात. येथें पहांटेची वेळ आणि शाळेचें पटांगण हेच आधार.

पटांगण मिळालें तर अभ्यासक्रमांतील परीक्षा घरच्या मंडळींना फुकट देतां येईल. एक मैल, म्हणजे १,६०९ मीटर, होईल तितक्या भरभर, पण न धांवतां चालावयाचें. २०० मीटरांच्या वाटोळ्या वाटेचे आठ फेरे आणि वर नऊ मीटर. थांबतांक्षणीं १५ सेकंद नाडी मोजून चारानें गुणावें व लागलेला वेळ लिहून ठेवावा. वेळ, नाडी, वजन, वय आणि स्त्री कीं पुरुष, एवढ्यावरून शरीर किती प्राणवायु वापरूं शकतें याचा अंदाज निघतो. हें सूत्र १९८७ सालीं ३० ते ६९ वर्षांच्या माणसांवर तपासून प्रसिद्ध झालें, म्हणजे नातवापेक्षां तें आजोबांनाच अधिक लागू आहे. छातींत कळ, दम कोंडणें किंवा घेरी यांपैकीं कांहीं झालें तर तेथेंच थांबून डॉक्टरांस दाखवावें. हृदयविकार असणाऱ्यांनीं तर आधींच विचारावें. दोन महिने चालून पुन्हां तीच परीक्षा त्याच पटांगणावर व त्याच वेळीं द्यावी आणि दोन्ही आंकडे शेजारींशेजारीं मांडावे. सूत्रांत चार दशांश स्थळांचे गुणाकार आहेत. ते घरांतील आठवींच्या मुलाकडून करवून घ्यावे.