परीक्षा तिसऱ्या दाढीला

बेलवाडीचं गोल रिंगण आटोपून तुकोबांची पालखी अंथुर्ण्याला मुक्कामाला येते, तेव्हा रस्त्याच्या दोन्ही बाजूंना सेवेचे मांडव लागतात. कुणी वारकऱ्यांचे पाय चेपून देतं, कुणी तुटलेल्या चपला शिवून देतं. पालखी मार्गावरच्या गावांतले नाभिक बांधव दाढी-कटिंग मोफत करून देतात. वारकरी परंपरेत नाभिक समाजातल्या सेना महाराजांना संतांच्या पंक्तीत जागा आहे, त्यामुळे या सेवेमागे एक जुनं नातंही आहे. काम चालू असताना जरा जवळ जाऊन कारागिराच्या हाताकडे पाहावं. तो कागदासकट ब्लेड चिमटीत धरून वाकवतो. टक् असा आवाज होतो आणि ब्लेडचे उभे दोन तुकडे पडतात. एक तुकडा वस्तऱ्याच्या खाचेत सरकतो, दुसरा कागदातच पुढच्या माणसासाठी राहतो. दाढी होते, तुरटी फिरते आणि वापरलेला तुकडा डब्यात पडतो. त्याचं सगळं आयुष्य काही मिनिटांचं.

तसल्याच ब्लेडचं पाकीट किराणा दुकानातून घरी गेलं, की एका ब्लेडकडून आठवडा निघावा, जमलं तर पंधरवडा निघावा अशी अपेक्षा असते. म्हणून ‘चांगलं ब्लेड कोणतं?’ या प्रश्नाला सलूनवाला एक उत्तर देतो आणि घरी दाढी करणारा दुसरंच. दोघंही आपापल्या जागी बरोबर असतात. एकाला पहिली दाढी मऊ हवी असते. दुसऱ्याला चौथी-पाचवी निदान सोसवेल इतपत हवी असते. हे दोन गुण एकाच ब्लेडमध्ये का भेटत नाहीत, हे कळायला धारेच्या टोकापर्यंत जावं लागतं.

ब्लेडचं पातं जेमतेम ०.१ मिलिमीटर जाड असतं. पोलाद स्टेनलेस, त्यात सुमारे १३ टक्के क्रोमियम आणि एक टक्क्याहून कमी कार्बन. पोलादाच्या लांबलचक पट्टीला आधी मधली खाच पाडतात, मग ती पट्टी हजार अंशांच्या वर तापवून झटकन थंड करतात. त्यानं पोलाद कठीण होतं. पुढे दगडांच्या चाकांवर टप्प्याटप्प्यानं धार लावली जाते. पण एवढ्यावर सोडलेलं ब्लेड तोंडाला लावण्याजोगं नसतं. धारेवर क्रोमियम, प्लॅटिनम किंवा तत्सम धातूचा अतिशय पातळ थर चढवतात. त्यावर पीटीएफई, म्हणजे नॉनस्टिक तव्यावर असतो तोच टेफ्लॉन, फवारून भट्टीतून काढतात. पाकिटावर ‘प्लॅटिनम’ असं चमकदार अक्षरांत लिहिलेलं असतं ते या थराबद्दल. ब्लेड काही प्लॅटिनमचं नसतं.

या दोन थरांची कामं वेगळी आहेत. धातूचा थर धारेचं टोक सावरून धरतो, तो टिकाऊपणाच्या बाजूचा. टेफ्लॉनमुळे पातं केसातून आणि कातडीवरून सहज सरकतं, तो मुलायमपणाच्या बाजूचा. धार कितीही तीक्ष्ण असो, टेफ्लॉन नसेल तर ती केसाला ओढते आणि गालाची आग होते. म्हणून तीक्ष्ण ब्लेड आणि मऊ ब्लेड या दोन वेगळ्या गोष्टी धराव्यात. जपानच्या ‘फेदर’ ब्लेडची ख्याती तीक्ष्णपणासाठी आहे. राठ दाढीवाल्याला ते देवासारखं वाटतं. नाजूक कातडीच्या किंवा हात जड असलेल्या माणसाला तेच ब्लेड पहिल्याच दिवशी रक्त दाखवतं.

टेफ्लॉनचा थर धारेच्या अगदी टोकावर किंचित जाड बसलेला असतो. पहिल्या काही फटकाऱ्यांत तो मागे सरकतो आणि टोक मोकळं होतं. काही ब्लेडांची दुसरी दाढी पहिलीपेक्षा बरी वाटते, त्याचं एक कारण हे. म्हणून एकाच दाढीवर ब्लेडचा निकाल देऊ नये. पाकिटातून नुकतं निघालेलं बहुतेक कुठलंही ब्लेड बरं चालतं. पहिल्या दोन दाढ्यांचं कौतुक बरंचसं कोऱ्या थराचं असतं. पोलादाचा कस लागायला तिसरी उजाडावी लागते.

मग धार जाते कशी? आपली समजूत अशी, की घासून घासून ती बोथट होते. अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेच्या संशोधकांनी २०२० मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात याचं वेगळं उत्तर दिलं. त्यांच्यातल्या जानलूका रोशोली या विद्यार्थ्यानं स्वतःची दाढी करून ब्लेडं इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली. टोक गोल झालेलं फारसं दिसलं नाही. दिसले ते बारीक टवके, केसाच्या जाडीच्या दहाव्या भागाएवढे. पोलाद केसापेक्षा सुमारे ५० पट कठीण, तरी केस त्याचा टवका उडवतो. त्यासाठी काही गोष्टी जुळून याव्या लागतात. केस वाकण्याइतका मोकळा हवा, पातं त्याला तिरकं भिडायला हवं आणि त्याच जागी पोलादाच्या आतल्या घडणीत थोडा कमी-जास्तपणा हवा. केस घट्ट धरून सरळ कापला तर टवका उडत नाही, हेही त्यांना दिसलं.

दोन ब्लेडांच्या टिकण्यात फरक का पडतो, ते इथे लक्षात येतं. पोलाद जितकं एकसारखं, तितके टवके कमी. ही गोष्ट पाकिटावर छापता येत नाही. ती कारखान्याच्या भट्टीवर, तपासणीवर आणि कच्च्या मालावर ठरते. एकाच नावाची दोन पाकिटं कधीकधी वेगळी वागतात, त्याचंही मूळ बहुधा इथेच असतं.

पूर्वी हा प्रश्न अशा रूपात नव्हताच. बलुतेदारीच्या काळात गावचा न्हावी धोकटी घेऊन घरी यायचा, वस्तरा दगडावर पाजवायचा, चामड्याच्या पट्ट्यावर फिरवायचा आणि मग गालाला लावायचा. धार गेली तर ती परत आणणं त्याच्या हातात होतं. बदल्यात सुगीला धान्य मिळायचं. किंग कॅम्प जिलेट या अमेरिकी फिरत्या विक्रेत्यानं धार कारागिराच्या हातातून काढून कारखान्यात नेली. १९०३ या विक्रीच्या पहिल्या वर्षी त्याचे ५१ रेझर आणि १६८ ब्लेडं खपली. १९०४ मध्ये पेटंट मिळालं आणि त्यानंतर खपाला मागे पाहावं लागलं नाही. तेव्हापासून धारेचा प्रवास एकाच दिशेनं होऊ लागला. ती कारखान्यातून उत्तम निघते आणि वापरागणिक उतरत जाते. दोन ब्लेडांची तुलना म्हणजे हा उतार किती तीव्र आहे याची तुलना.

लोकांनी हा उतार सहज मान्य केला नाही. सुरुवातीची ब्लेडं कार्बन पोलादाची असत. धार छान, पण ओली राहिली की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी तांबेरा. ब्लेड काचेच्या पेल्याच्या आतल्या बाजूला बोटानं दाबून घासायचं आणि आणखी दोन दाढ्या काढायच्या, ही युक्ती अनेक घरांतल्या वडीलधाऱ्यांना ठाऊक आहे. इंग्लंडच्या विल्किन्सन सोर्ड कंपनीनं १९६२ च्या सुमारास लेप दिलेलं स्टेनलेस ब्लेड बाजारात आणलं आणि चित्र पालटलं. एक ब्लेड कितीतरी जास्त दाढ्या चालू लागलं, तेव्हा ब्लेडं विकून जगणाऱ्या जिलेटलाही पुढच्याच वर्षी स्वतःचं स्टेनलेस ब्लेड आणावं लागलं.

भारतात ब्लेड म्हटलं की दीर्घकाळ मल्होत्रा कुटुंबाचं नाव पुढे होतं. टोपाझ, पनामा, अशोक ही त्यांचीच ब्लेडं. याच कुटुंबातल्या विद्युत मेटॅलिक्सचा ठाण्यातला कारखाना ‘सुपर-मॅक्स’ या नावानं जगभर ब्लेडं पाठवत होता. गेल्या काही वर्षांत तो बंद पडला आणि तिथल्या कामगारांच्या थकीत देण्यांचा प्रश्न ठाण्यात गाजला. जिलेटनं १९८० च्या दशकात भारतात उत्पादन सुरू करून ‘सेव्हन ओ’क्लॉक’ रुजवलं. २०१० मध्ये त्यांनी खास भारतीय गिऱ्हाइकासाठी ‘गार्ड’ आणला, रेझर १५ रुपयांना आणि कार्ट्रिज ५ रुपयांना. तो आणण्याआधी कंपनीनं इथल्या घरांत जाऊन लोक दाढी कशी करतात ते पाहिलं. अनेकांच्या मोरीत नळ नव्हता, वाटीभर पाण्यात भागवावं लागत होतं. म्हणून गार्डचं डोकं थोड्या पाण्यात चटकन साफ होईल असं ठेवलं गेलं. कार्ट्रिजचा जमाना आला, तरी दुधारी ब्लेड हटलं नाही, कारण स्वस्ताईत त्याच्या जवळ जाईल असं दुसरं काही नाही. शिवाय ते मोडून अर्धं करता येतं.

अर्ध्या ब्लेडची पद्धत सलूनमध्ये पक्की झाली ती एड्सच्या जागृतीनंतर. एचआयव्ही आणि हिपॅटायटिस बी रक्तातून पसरतात, हे १९९० च्या दशकात गावोगाव पोहोचलं. पाजवण्याचा वस्तरा मागे पडला आणि ब्लेड बदलण्याचा वस्तरा आला. ‘दादा, नवीन ब्लेड टाका’ हे सांगणं आता कुणाला अपमानाचं वाटत नाही. सलूनवाल्याच्या दृष्टीनं टिकाऊपणाला यात काही किंमत उरत नाही. त्याला तीन गोष्टी हव्या असतात. ब्लेड कागदात सरळ रेषेत मोडलं पाहिजे, दर वेळी सारखं वागलं पाहिजे आणि पहिल्या फटकाऱ्यापासून मऊ चाललं पाहिजे. कोन त्याच्या मनगटात असतो, कातडी ताणून धरायला दुसऱ्या हाताची बोटं असतात. कातडी ताणली की केस ताठ उभा राहतो आणि कमी वाकतो. एमआयटीच्या निष्कर्षाशी हे जुळतं, पण त्याच्या हाताला ते कधीच ठाऊक होतं.

घरचं गणित निराळं. इथे ब्लेडइतकाच रेझरही बोलतो. रेझरच्या टोपीखाली ब्लेड वाकून घट्ट बसतं आणि त्या बाकामुळे ताठ होतं. बसवताना ते जरा जरी तिरकं राहिलं, तर एक बाजू कापते आणि दुसरी नुसती फिरते. मग दोष ब्लेडच्या माथी येतो. दुसरी गोष्ट पाण्याची. नीरा डाव्या कालव्याचं पाणी १८८५ पासून अंथुर्ण्याच्या या पट्ट्यात खेळतंय. त्यानं ऊस दिला, तशा काही जमिनी क्षारपडही केल्या. अशा भागात बोअरचं पाणी बऱ्याचदा जड लागतं. जड पाण्यात साबणाचा साका होतो आणि फेस बसून जातो. फेस बसला की घर्षण वाढतं आणि चांगलं ब्लेडही ओढायला लागतं. दाढीपुरतं वाटीभर आरओचं पाणी घेतलं तरी फरक कळतो. आंघोळीनंतर दाढी केली तर आणखी चांगलं. दोन-तीन मिनिटं गरम पाण्यात भिजलेला केस फुगून नरम होतो आणि कमी जोरात कापला जातो.

टिकाऊपणा मोजताना एक चूक सर्रास होते. ‘माझं ब्लेड पंधरा दिवस चालतं’ असं शेतावरचा माणूस सांगतो, तो आठवड्यातून दोनदा दाढी करतो. शाळेतले गुरुजी रोज करतात, त्यांचं तेच ब्लेड आठवड्यात संपतं. दोघांचा हिशेब दाढ्यांमध्ये केला, तर उलट गुरुजींचंच ब्लेड जास्त चाललेलं दिसतं. म्हणून मोजायच्या त्या दाढ्या, दिवस मोजण्यात अर्थ नाही. चार-पाच दिवसांच्या खुंटांची दाढी वेगळी नोंदावी, कारण लांब केस रेझरमध्ये अडकतात, हात अनेकदा फिरवावा लागतो आणि ब्लेडवर जास्त काम पडतं.

दोन ब्लेडांची प्रामाणिक तुलना घरच्या घरी करता येते. एकाच घडणीचे दोन रेझर, एकच साबण, एकच पाणी. उजव्या गालाला एक ब्लेड, डाव्याला दुसरं आणि दर दाढीला बाजू बदलायची. उजव्या हाताच्या माणसाचा एक गाल नेहमीच नीट होतो, तो फायदा एकाच ब्लेडला मिळता कामा नये. कोणत्या रेझरमध्ये कोणतं ब्लेड, हे घरातल्या दुसऱ्यानं बसवून गुपित ठेवलं तर उत्तम, कारण महाग पाकीट डोळ्यांसमोर असलं की गालालाही ते मऊ वाटतं. कॅलेंडरवर फक्त दोन खुणा करायच्या, ‘ओढलं’ आणि ‘आग झाली’. ओढण्याची खूण लवकर आली तर ते ब्लेड टिकत नाही. आगीची खूण पहिल्याच दिवशी आली तर ब्लेड तुमच्या कातडीला तरी मऊ नाही. हनुवटी आणि ओठावरची जागा सर्वांत आधी बोलते, कारण तिथले केस राठ असतात.

ब्लेड जपायचं तर रेझर पाण्याखाली धरून धुवावा, झटकावा आणि कोरड्या जागी उभा ठेवावा. टॉवेलनं धार पुसू नये, बेसिनवर आपटू तर मुळीच नये. ज्या टोकावर केससुद्धा टवका उडवतो, ते फरशीपुढे किती टिकणार? वापरलेलं ब्लेड उघडं कचऱ्यात टाकलं, तर ते घंटागाडीवरच्या माणसाच्या बोटाला लागतं. पत्र्याच्या रिकाम्या डबीला फट पाडून तीत ब्लेडं साठवावीत, भरली की चिकटपट्टीनं बंद करून द्यावी.

दुकानदार पहिल्यांदा सांगेल ते ब्लेड घ्यायला हरकत नाही, पण मोठं पाकीट लगेच घेऊ नये. पाचच्या पाकिटातलं पहिलं ब्लेड ‘ओढलं’ची खूण येईपर्यंत वापरावं. ओढायला लागलं, की आणखी एक दाढी काढायचा मोह टाळून ते त्याच दिवशी डबीत टाकावं. बोथट ब्लेडला जोर लावावा लागतो आणि जोर लावला की कापतं. दुधारी ब्लेड अजूनही इतकं स्वस्त आहे, की त्याच्या शेवटच्या दाढीतून वाचलेले पैसे गालावर चिकटवायच्या एका पट्टीलाही पुरत नाहीत.