स्टिअरिंग कुठल्या बाजूला?

मुलांनो, एक अगदी सोपा प्रश्न विचारू? मोटारीचं स्टिअरिंग कुठल्या बाजूला असतं?

"उजव्या!" असं तुम्ही लगेच म्हणाल. बरोबर. एसटीचं, शाळेच्या बसचं, शेजारच्या काकांच्या गाडीचं, सगळ्यांचं स्टिअरिंग उजवीकडेच. पण मी जिथे शिकवते, त्या चिखलीतली मुलं एवढ्यावर थांबत नाहीत. चिखली म्हणजे पिंपरी-चिंचवडमधलं इंद्रायणीकाठचं गाव. टाळगाव चिखली असंही त्याला म्हणतात. आज तिच्या आजूबाजूला भोसरी, तळवडे आणि नदीपलीकडे चाकण, असे कारखानेच कारखाने आहेत. कुणाचे बाबा वेल्डिंग करतात, कुणाची आई वायरिंगच्या कंपनीत जाते. त्यामुळे वर्गात हा प्रश्न विचारला की एखादा तरी हात वर येतोच. "बाई, परदेशात जाणाऱ्या गाडीचं स्टिअरिंग डावीकडे असतं!"

अगदी खरं आहे. चाकणच्या फोक्सवॅगनच्या कारखान्यातून २०१३ मध्ये मेक्सिकोला व्हेंटो गाड्या जाऊ लागल्या. त्यांचं स्टिअरिंग डावीकडे. तळेगावच्या जनरल मोटर्सच्या कारखान्यात शेवरले बीट बनायची. २०१७ च्या अखेरीस कंपनीने भारतात गाड्या विकणं थांबवलं, तरी डिसेंबर २०२० पर्यंत तिथे परदेशासाठी डाव्या स्टिअरिंगच्या गाड्या बनत होत्या. उलट, टाटांची पुण्यात बनलेली इंडिका २००३ मध्ये 'सिटीरोव्हर' असं नवं नाव घेऊन इंग्लंडला गेली, तेव्हा तिचं स्टिअरिंग हलवावं लागलं नाही. का बरं? कारण इंग्लंडमध्येही आपल्यासारखंच रस्त्याच्या डाव्या बाजूने गाड्या चालवतात.

नवी गाडी असेल, तर ही काळजी कारखाना घेतो. पण जुनी गाडी हौसेनं विकत घेणाऱ्याचं काय? त्याला आवडलेली गाडी जर उलट्या बाजूच्या रस्त्यासाठी बनलेली असेल तर? खरी गंमत तिथेच आहे. आणि खरा धोकाही तिथेच आहे.

दोन खुर्च्यांचा प्रयोग

नियम छोटासा आहे. ड्रायव्हर नेहमी रस्त्याच्या मधल्या बाजूला बसलेला असावा. आपण डावीकडून जातो, म्हणून आपलं स्टिअरिंग उजवीकडे. अमेरिका, मेक्सिको, जर्मनी, चीन इथे उजवीकडून जातात, म्हणून त्यांचं स्टिअरिंग डावीकडे.

असं का, ते घरीच करून बघा. दोन खुर्च्या शेजारी शेजारी मांडा. ही झाली तुमची मोटार. चार-पाच पावलं पुढे दोन मित्रांना चादर ताणून उभं करा. हा झाला ट्रक. तिसरा मित्र लांब, उजव्या बाजूला उभा राहील. ही समोरून येणारी बस. आता उजव्या खुर्चीत बसा आणि मान जराशी उजवीकडे काढा. दिसली ना बस? मग डाव्या खुर्चीत बसा. कितीही वाकलात तरी समोर नुसती चादर! बस दिसायला हवी असेल, तर दोन्ही खुर्च्या उचलून उजवीकडे सरकवाव्या लागतील. म्हणजे जवळजवळ अख्खी मोटार समोरून येणाऱ्या बसच्या वाटेत न्यावी लागेल.

दोन खुर्च्यांमधलं अंतर ते किती? दोन-अडीच फूट. पण तेवढ्यानंच सगळा फरक पडतो.

आता थोडं गणित. तुमची गाडी ताशी ६० किलोमीटर वेगाने चालली आहे, समोरची बसही तेवढ्याच वेगाने येते आहे. म्हणजे दोघी ताशी १२० किलोमीटर वेगाने एकमेकींजवळ येत आहेत. सेकंदाला किती झाले? सुमारे ३३ मीटर. 'एक, दोन, तीन' असं सावकाश म्हणेपर्यंत १०० मीटर संपले! अख्खं धावण्याचं मैदान संपलं. दुभाजक नसलेल्या दुपदरी रस्त्यावर ट्रकच्या मागून डोकं बाहेर काढणाऱ्याकडे एवढाच वेळ असतो. म्हणून त्याला आधी दिसलं पाहिजे.

देशांचीही झाली पंचाईत

जगातले साधारण एक तृतीयांश लोक डाव्या बाजूने गाड्या चालवणाऱ्या देशांत राहतात, बाकीचे उजव्या. आपल्या शेजारच्या गोव्याचीच गोष्ट घ्या. तिथे तेव्हा पोर्तुगिजांचं राज्य होतं. १९२८ मध्ये पोर्तुगालने डावी बाजू सोडून उजवी धरली. पण गोव्यात मात्र डावीच राहिली, कारण शेजारच्या मुलखात सगळे डावीकडूनच जात होते. त्यामुळे १९६१ मध्ये गोवा मुक्त झाला, तेव्हा तिथल्या लोकांना बाजू बदलावी लागली नाही.

स्वीडनची तऱ्हा तर आणखी वेगळी. तिथे लोक डावीकडून जायचे, पण बहुतेक मोटारींचं स्टिअरिंगही डावीकडेच! म्हणजे सगळा देशच आपल्या प्रयोगातल्या डाव्या खुर्चीत बसलेला. शेवटी ३ सप्टेंबर १९६७ च्या पहाटे पाच वाजता अख्खा देश उजवीकडे सरकला. सामोआ या छोट्या बेटदेशाने ७ सप्टेंबर २००९ रोजी नेमकं उलट केलं. तिथे उजवीकडून जायचे, ते डावीकडून जाऊ लागले. का, ठाऊक आहे? ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमधल्या स्वस्त जुन्या गाड्या आणता याव्यात म्हणून!

म्यानमारने १९७० मध्ये उजवी बाजू धरली खरी. पण पुढे वर्षानुवर्षं तिथल्या रस्त्यांवर जपानहून आलेल्या जुन्या, उजव्या स्टिअरिंगच्या गाड्या धावत राहिल्या. जपानी बसचं दार मूळचं डावीकडे. म्हणजे म्यानमारमध्ये उतरणारा माणूस थेट रस्त्याच्या मधोमध! बघा, स्टिअरिंगची बाजू चुकली की दाराचीही चुकते.

जुनी जीप आणि हाताचा इशारा

आपल्याकडे डाव्या स्टिअरिंगची ओळख मुख्यतः जीपने करून दिली. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत विलिस आणि फोर्ड या कंपन्यांनी सहा लाखांहून जास्त जीपगाड्या बनवल्या. सगळ्यांचं स्टिअरिंग डावीकडे. अमेरिकी सैन्याबरोबर त्यातल्या कित्येक भारतात आल्या आणि युद्ध संपल्यावर इथेच विकल्या गेल्या. पुढे १९४७ पासून महिंद्रांनी मुंबईत विलिस जीप जुळवायला घेतली. आजही जुन्या गाड्यांच्या मेळाव्यात महायुद्धातली अशी एखादी जीप दिसली, तर तिच्याभोवती हीऽ गर्दी होते.

अशा गाड्यांसाठी आपल्या कायद्यात खास कलम आहे. मोटार वाहन कायदा १९८८, कलम १२०. डाव्या स्टिअरिंगची गाडी सार्वजनिक रस्त्यावर न्यायची असेल, तर तिला वळण्याचा इशारा देणारं यांत्रिक किंवा विजेवर चालणारं साधन हवं आणि ते चालू स्थितीत हवं. असं का? जुन्या काळी ड्रायव्हर उजवा हात खिडकीबाहेर काढून इशारा करायचा. हे इशारे तुम्ही पुस्तकात पाहिले असतील. पण डावीकडे बसलेल्या माणसाने उजवा हात काढला, तर तो शेजाऱ्याच्या नाकासमोर येणार! मागच्या गाडीला काय दिसणार?

पद्मिनी अमेरिकेला निघाली तर?

आता उलटा प्रवास करू. मुंबईत कुर्ल्याला प्रीमियर पद्मिनी बनायची. मूळची ती इटलीची फियाट ११००. आपल्याकडे ती उजव्या स्टिअरिंगची झाली. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणजे पद्मिनीच. शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून निवृत्त झाली.

समजा, अमेरिकेत राहणाऱ्या एखाद्या मराठी काकांना वाटलं, लहानपणी जिच्यातून फिरलो तशी पद्मिनी आपल्या दारात हवी. आणता येईल? तिथल्या नियमांप्रमाणे २५ वर्षांहून जुन्या गाडीला नव्या गाडीच्या सुरक्षेच्या अटी लागू होत नाहीत. म्हणजे वाट मोकळी आहे. पण काका रस्त्याच्या उजवीकडून जाणार आणि बसणारही उजवीकडे, फुटपाथच्या कडेला. पुन्हा तीच डाव्या खुर्चीची गोष्ट, फक्त आरशात पाहिल्यासारखी.

दिव्यांचंही तसंच. आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांचा डिपर डावीकडे जरा वर चढतो. त्यामुळे रस्त्याची कड आणि कडेने चालणारी माणसं दिसतात. हाच दिवा अमेरिकेत समोरून येणाऱ्याचे डोळे दिपवणार. इंग्लंडहून फ्रान्सला मोटार घेऊन जाणारे लोक याच कारणाने दिव्यांवर खास पट्ट्या चिकटवतात.

एक मात्र गंमत सांगते. पायातली पॅडल्स बदलत नाहीत! स्टिअरिंग डावीकडे असो की उजवीकडे, क्लच डाव्या टोकाला, ब्रेक मध्ये आणि अॅक्सिलरेटर उजव्या टोकाला. बदलतो तो गिअरचा हात.

आणि उलटं स्टिअरिंग नेहमी चुकीचंच असतं असंही नाही बरं का! अमेरिकेच्या टपाल खात्याच्या कितीतरी गाड्यांचं स्टिअरिंग मुद्दाम उजवीकडे असतं. रस्त्याच्या कडेला घरोघरच्या पत्रपेट्या असतात. पोस्टमन गाडीतून न उतरता पत्र टाकतो. त्याचं काम कडेला, म्हणून त्याची जागाही कडेला.

घेण्याआधी विचारायचे प्रश्न

आता हे आईबाबांना वाचून दाखवा. घरात कुणाला जुनी गाडी घेण्याची हौस असेल, तर रंग आणि चकाकी बघण्याआधी एवढे प्रश्न विचारायला हवेत.

गाडीला दोन्ही बाजूंना आरसे आहेत का? कित्येक जुन्या गाड्यांना एकच आरसा असतो, काहींना तोही नसतो.

इंडिकेटर चालतात का? दिव्यांचा झोत कुठे पडतो?

उतरताना मागच्या सीटवरचं मूल कुठल्या दाराने उतरणार? कडेच्याच दाराने उतरलं पाहिजे.

स्टिअरिंगची बाजू बदलून घेता येईल का? एखादा कुशल मेस्त्री ते करतोही. पण स्टिअरिंगचा दांडा, त्याची पेटी, पॅडल्स, डॅशबोर्ड, सगळंच हलवावं लागतं. जोडकाम कच्चं राहिलं तर जिवाशी खेळ. शिवाय गाडीच्या मूळ रचनेत मनाला येईल तसा बदल कायद्याने करता येत नाही. आणि जुन्या गाडीची सगळी किंमत तिच्या मूळ रूपातच असते.

ती रोज वापरायची आहे का? २०२१ च्या नियमांप्रमाणे ५० वर्षांहून जुन्या गाडीची 'व्हिंटेज' म्हणून वेगळी नोंदणी करता येते. नंबरपाटीवर 'व्हीए' ही अक्षरं येतात. नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये, मुदत १० वर्षं. पण ही गाडी प्रदर्शनाला, रॅलीला, दुरुस्तीला किंवा पेट्रोल भरायला न्यायची. रोज बाजारहाटाला नाही!

आणि सगळ्यात मोठा प्रश्न : चालवणाऱ्याला थांबता येतं का? कारण उलट्या स्टिअरिंगच्या गाडीला ट्रकच्या मागे मुकाट्याने चालावं लागतं. हॉर्न वाजवून, उतावीळपणा करून भागत नाही. पुढचं दिसत नसेल, तर पुढे जायचं नाही. हा नियम ज्याला जमतो, त्याने जुनी गाडी खुशाल घ्यावी. ज्याला जमत नाही, त्याने प्रदर्शनात जाऊन बघावी.

तुमच्यासाठी एक नियम

मुलांनो, आता फक्त तुमच्याशी बोलते. अशा गाडीत मधल्या बाजूची जागा ड्रायव्हरच्या शेजाऱ्याची असते. रस्ता त्याला दिसतो. मग ड्रायव्हर सहज विचारतो, "बघ रे, कुणी येतंय का?" तुम्ही तिथे बसला असाल, तर मोठ्यांनी आपल्याला काम सांगितलं म्हणून तुम्हाला आनंदही होईल. पण हे काम घ्यायचं नाही. गाडी दिसणं वेगळं आणि ती किती वेगाने येते आहे ते कळणं वेगळं. लांबची गाडी आपल्याला छोटीशी, जागेवर उभी असल्यासारखी वाटते. तीन सेकंदांत ती १०० मीटर खाऊन टाकते, हे आत्ताच आपण काढलं ना! मोठ्यांचाही हा अंदाज चुकतो. म्हणून स्पष्ट सांगा, "मला नक्की सांगता येणार नाही. आपण मागेच राहू." असं म्हणायला लाजायचं नाही. आणि आईबाबांनो, तुम्हीही हा प्रश्न मुलांना विचारू नका.

या सुट्टीत एक काम करा. मोठ्या माणसाबरोबर असाल तेव्हा, हमरस्त्यापासून लांब उभे राहून, मोटारी वाहून नेणारे लांबलचक ट्रेलर बघा. पुणे-नाशिक रस्त्यावर ते दिसतात. त्यावरच्या गाड्यांच्या काचेतून स्टिअरिंग शोधा. एखादं डावीकडे सापडलं, तर घरी जाऊन नकाशा उघडा आणि उजवीकडून गाड्या चालवणारे दहा देश शोधून वहीत लिहा. त्यातल्याच एखाद्या देशाच्या रस्त्यावर उद्या ती गाडी धावणार असेल.